धरायला आडवा, सोडायला उभा : होडीचा नांगर, साखळी आणि दोर



या वेळचा अभ्यासपाठ होडीचा आहे. पुण्याला समुद्र नाही, मग नांगराचा पाठ कशाला, असं काही जणींना वाटेल. पण आपल्या जिल्ह्यात पाणी कमी नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, मुळशी, पवना, भाटघर ही धरणं आहेत. उजनीची भिंत सोलापूर जिल्ह्यात असली, तरी तिचा पाणफुगवटा इंदापूर-दौंडपर्यंत पसरतो. भिगवण-कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला माणसं येतात आणि ती होडीतूनच बघतात. मासेमारी, पिंजऱ्यातलं मत्स्यपालन, पर्यटन या कामांत आता बचत गटही उतरतायत. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात आणि वल्ही स्वतः मारतात. त्यांचं बघून आणखी गटांनी होडीचा विचार केला तर नवल नाही.

होडी घेताना आपण किंमत बघतो, इंजिन बघतो, रंग बघतो. नांगर, साखळी आणि दोर मात्र दुकानदार देईल ते घेऊन येतो. होडी गटाच्या कर्जातून आलेली असते. रात्री वारा सुटला आणि ती सुटून खडकावर गेली, तरी हप्ता काही थांबत नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की, भर पाण्यात इंजिन बंद पडलं किंवा वल्हं हातातून गेलं, तर होडीला ब्रेक एकच असतो, तो म्हणजे नांगर. तो धरला तर माणसं जागेवर थांबतात आणि मदत येईपर्यंत तग धरता येतो. नाही धरला तर पाणी नेईल तिकडे जावं लागतं. म्हणून हा पाठ नीट वाचा, बैठकीत मोठ्याने वाचा आणि शेवटी दिलेला प्रयोग करून बघा.

१. नांगर वजनावर धरत नाही

पहिली समजूत अशी असते की नांगर जड, म्हणून होडी थांबते. हे अर्धंच खरं आहे. चार-पाच किलोचं लोखंड आठ माणसांची होडी वाऱ्यात कसं थांबवेल? नांगर धरतो तो रुतल्यामुळे.

आपल्या भाषेत शेतातल्या नांगराला आणि होडीच्या नांगराला एकच शब्द आहे, आणि दोघांचं काम समजून घ्यायला तो उपयोगी पडतो. शेतात बैल नांगर पुढे ओढतात, म्हणून फाळ मातीत शिरतो. तोच नांगर कुणी वर उचलला तर फाळ लगेच मातीबाहेर येतो. होडीच्या नांगराचंही तसंच आहे. दोर तळाशी जवळजवळ आडवा असेल, तर होडी जितकी ओढेल तितका फाळ गाळात खोल जातो. दोर उभा असेल, तर प्रत्येक लाटेबरोबर होडी वर उठते आणि नांगर उपटून काढते.

पाठाचं सूत्र एवढंच आहे : धरायला आडवा, सोडायला उभा. साखळी, लांब दोर, टाकायची रीत, काढायची रीत, सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

हे आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गाजवळच्या समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना जुने दगडी नांगर सापडले आहेत. असा नांगर म्हणजे लांब घडीव दगड. त्याला वर दोरासाठी एक भोक असतं आणि खाली लाकडी दांडे बसवायला आरपार भोकं असतात. नुसतं वजनच पुरलं असतं, तर त्या दांड्यांची गरज काय होती? दगड तळाशी बसायचा आणि दांडे रुतायचे.

२. साखळीचं काम

दोर हलका असतो. वारा आला की तो नांगरापासून थेट वर ताणला जातो आणि ओढ तिरकी होते. नांगर आणि दोर यांच्या मध्ये साखळीचा तुकडा घातला, की ती आपल्या वजनाने तळाशी पडून राहते. होडीला नांगर उपटायचा असेल, तर आधी ती सगळी साखळी तळावरून उचलावी लागते. तोवर नांगरावरची ओढ आडवीच राहते.

साखळीचा दुसरा फायदा म्हणजे घासणं. तळाला दगड, शिंपले, जुनी खोडं असतात. होडी वाऱ्याबरोबर इकडून तिकडे फिरते तेव्हा तळाशी असलेली दोरी त्यांच्यावर घासते. दोर एका रात्रीत कापला जाऊ शकतो, साखळी जात नाही.

किती साखळी घ्यायची? निदान होडीच्या लांबीइतकी. आपल्या गटांच्या होड्या बहुधा पंधरा ते वीस फुटांच्या, म्हणजे साखळी पाच-सहा मीटर. जाडी ६ मिलिमीटर चालेल, होडी मोठी असेल किंवा जागा वाऱ्याची असेल तर ८ मिलिमीटर. ६ मिलिमीटरच्या साखळीचं वजन मीटरला साधारण ८०० ग्रॅम भरतं, म्हणजे सहा मीटरची पावणेपाच किलोच्या आसपास. ८ मिलिमीटरची मीटरला साधारण १ किलो ४०० ग्रॅम. खरेदीला जाल तेव्हा साखळी तोलून घ्या. कमी भरली तर ती सांगितल्यापेक्षा बारीक आहे. जस्ताचा मुलामा दिलेली घ्या, साधी काळी साखळी खाऱ्या पाण्यात लवकर गंजते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. वादळी वाऱ्यात साखळीही पूर्ण उचलली जाते आणि ताठ होते. त्या वेळी साखळीच्या वजनाचा आधार संपतो, उरतो फक्त दोराच्या लांबीचा. साखळी आहे म्हणून दोर आखूड घेतला, असं चालत नाही.

३. दोराचं काम

सगळीच साखळी घेतली तर? छोट्या होडीचं नाक त्या वजनाने पाण्यात दबेल आणि ओढायला माणूस पुरणार नाही. म्हणून खाली साखळी आणि वर दोर, ही जोडी.

चांगला दोर ताणला की थोडा लांबतो आणि ताण गेला की परत मूळ लांबीवर येतो. लाटेचा हिसका बसला की दोर तो अंगावर घेतो, नांगराला आणि होडीच्या खुंट्याला धक्का बसू देत नाही. हा गुण खऱ्या नायलॉनच्या दोरात सगळ्यात जास्त असतो.

इथे बाजारातली एक मेख आहे. दुकानात निळी, पिवळी, हिरवी कुठलीही दोरी 'नायलॉन' म्हणूनच मिळते. त्यातली बरीचशी नायलॉन नसते, पॉलिप्रॉपिलीन असते. ती स्वस्त आणि हलकी असते, पण कमी ताणते आणि उन्हात ठेवली की वर्षा-दोन वर्षांत तिची भुकटी हाताला लागायला लागते. ओळखायची सोपी रीत अशी : दोरीचा वीतभर तुकडा बादलीतल्या पाण्यात टाका आणि हाताने दाबून भिजवा. नायलॉन बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळीला दोर घ्यायला जाल तेव्हा ही परीक्षा करूनच पैसे द्या. बादली मागायला लाजू नका.

तरंगणाऱ्या दोरीचा आणखी एक त्रास म्हणजे, वारा पडला की ती पाण्यावर पसरते आणि दुसऱ्या होडीच्या पंख्यात अडकते. हाताशी तीच असेल तर साखळी जास्त घ्या आणि दोरी दर वर्षी बदला. जाडी १२ मिलिमीटर ठेवा. ताकदीला बारीकही पुरेल, पण बारीक दोर ओल्या हाताने धरता येत नाही, तळवे सोलतात.

४. लांबी किती? वावेचा हिशेब

आता मुख्य प्रश्न. दर्यावर्दी लोक पाण्याची खोली वावेने मोजतात. दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंतची लांबी म्हणजे वाव. ही लांबी बहुतेकींची आपल्या उंचीइतकीच असते. पाच फूट उंचीची बाई असेल, तर तिची वाव साधारण दीड मीटर. मोजपट्टी होडीत राहते की नाही कुणास ठाऊक, वाव मात्र नेहमी बरोबर असते.

दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडा, वर ओढताना किती वाव झाल्या ते मोजा. त्यात होडीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मिळवा. कारण दोर पाण्याच्या पृष्ठभागापासून सुरू होत नाही, नाळेपासून होतो. आलेल्या आकड्याला असं गुणा :

• शांत पाणी, होडीत माणूस जागं, थोडा वेळ थांबायचं : तिप्पट-चौपट
• नेहमीचं थांबणं, हलका वारा : पाचपट
• रात्रभर ठेवायची किंवा वारा आहे : सातपट
• वादळाची शक्यता : दहापट, आणि माणसं किनाऱ्यावर

ही लांबी साखळी आणि दोर मिळून धरायची.

उदाहरण घेऊ. पाणी ३ मीटर, नाळेची उंची अर्धा मीटर. बेरीज साडेतीन. पाचपट केले तर साडेसतरा मीटर, सातपट केले तर साडेचोवीस मीटर. सहा मीटर साखळी असेल, तर दोर निदान वीस मीटर हवा. म्हणजे गटाने तीस मीटर घ्यावा, थोडा हाताशी राहील.

पटीचा परिणाम किती होतो बघा. दोर ताठ असताना तिप्पट लांबीला तो तळाशी जवळपास वीस अंशांचा कोन करतो. पाचपटीला साडेअकरा अंशांचा, सातपटीला आठ अंशांचा. तिपटीवरून पाचपटीला गेलो की कोन निम्म्याजवळ येतो. पुढे दोर वाढवला तरी फायदा हळूहळू होतो. म्हणून पाचपट ही किमान गोष्ट धरा.

दोरावर दर दोन वावेला रंगीत चिंधी ओवून ठेवा. अंधारातही हाताला लागते आणि किती सोडला ते कळतं.

५. पाणी चढतं, पाणी उतरतं

खाडीतल्या गटांनी हा भाग दोनदा वाचावा. समजा ओहोटीला नांगर टाकला. पाणी २ मीटर, नाळ अर्धा मीटर, बेरीज अडीच. पाचपट म्हणजे साडेबारा मीटर सोडला आणि निवांत घरी गेलो. भरतीला पाणी आणखी २ मीटर चढलं. आता बेरीज साडेचार, आणि साडेबारा मीटर म्हणजे तिपटीपेक्षाही कमी. दुपारी पक्का धरलेला नांगर रात्री सुटतो तो असा. हिशेब नेहमी भरतीच्या पाण्याचा करायचा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं. मुंबईकडे मोठ्या उधाणाला ते साडेचार-पाच मीटरपर्यंत जातं, दक्षिणेकडे सिंधुदुर्गात त्याच्या साधारण निम्मं.

धरणाच्या पाण्याला भरती-ओहोटी नसते, पण ऋतू असतात. उन्हाळ्यात उजनी 'मायनस'मध्ये गेली, असं आपण ऐकतो. म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरलं. तेव्हा काठापासून लांब गाळात होडी ठेवावी लागते. पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सोडलं की तीच पातळी भराभर चढते. मे महिन्यात मोजलेला दोर ऑगस्टमध्ये अपुरा पडतो. आणि काठावरच्या झाडाला आखूड दोरीने बांधलेली होडी पाणी चढल्यावर नाकावर दाबली जाते आणि पाणी भरून बुडते. धरणातून पाणी सोडल्याची सूचना आली, की होडीवर जाऊन दोर बघायचा हा नियम करा.

दोर लांब म्हटला की होडी फिरणारही जास्त. वाऱ्याची दिशा बदलली की ती नांगराभोवती गोल फिरते. त्या गोलात दुसरी होडी, खडक, मासेमारीचं जाळं किंवा उथळ जागा येऊ नये. शेजारच्या होडीवाल्याने आखूड आणि तुम्ही लांब सोडला असेल, तर दोघी आपटतील. टाकण्याआधी विचारून घ्या.

६. जोड सुटतात, साखळी नाही

साखळी सहसा मधेच तुटत नाही. सुटतात ते जोड : नांगर आणि साखळी, साखळी आणि दोर, दोर आणि होडी.

लोखंडाला लोखंड जोडायला शॅकल वापरतात. त्याची खिळी घट्ट पिळली तरी हलून हलून आपोआप उलगडते. म्हणून खिळीच्या भोकातून जस्ताची तार ओवून ती शॅकलच्या अंगाला आवळून ठेवा. शॅकल साखळीपेक्षा एक नंबर जाड घ्या. खाऱ्या पाण्यात स्टीलचं शॅकल आणि जस्ताची साखळी अशी जोडी नको, जस्त लवकर झिजतं. सगळं जस्ताचंच ठेवा.

दोर साखळीला बांधताना कडीतून दोन वेढे घ्या, दोराचं टोक त्या दोन्ही वेढ्यांच्या आतून काढा आणि आवळा, मग मूळ दोरावर आणखी एक अर्धी गाठ मारा. उरलेलं टोक सुतळीने बांधून टाका. कुठलीही गाठ दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यानेही कमी करते. शक्य असेल तर दोराच्या टोकाला खोबणीचं धातूचं कडं, म्हणजे थिंबल, घालून दोराची विणीव फास करून घ्या. मासेमारी करणाऱ्या घरांत हे काम येणारं कुणी ना कुणी असतंच.

होडीच्या कडेवर दोर जिथे घासतो तिथे जुन्या पाइपचा तुकडा चिरून चढवा किंवा गोणपाट गुंडाळा. खुंटा होडीच्या सांगाड्याला बोल्टने बसवलेला हवा. बसायच्या फळीला नांगर बांधू नका, जोराचा हिसका आला की फळीच निघून जाते.

७. टाकायची रीत

एक. आधी दोराचं वरचं टोक होडीला बांधा, मग नांगराला हात लावा. हा क्रम कधीही उलटा नको.

दोन. दोर टोपलीत किंवा बादलीत थर देऊन भरा. खाली पसरलेल्या दोराच्या वेटोळ्यात कुणाचा पाय नको. जाणारा दोर घोट्याला अडकला तर माणूस पाण्यात ओढला जातो. साडीचा पदर आणि ओढणी आधी खोचून घ्या.

तीन. होडीचं तोंड वाऱ्याकडे करा, प्रवाह जोराचा असेल तर प्रवाहाकडे. जिथे थांबायचं त्याच्या पुढे जा आणि थांबा.

चार. नांगर फेकायचा नाही, हळूहळू सोडायचा. फेकला की साखळी त्याच्यावरच गोळा होऊन पडते आणि फाळात अडकते.

पाच. तळ लागला की होडी मागे सरू द्या आणि दोर सोडत राहा. खोलीच्या तिप्पट झाला की क्षणभर धरा, नांगर रुतू द्या. मग ठरवलेली लांबी पूर्ण सोडून खुंट्याला बांधा.

सहा. शेवटी वल्ह्याने किंवा इंजिन मागे घालून हळूच ओढून बघा.

आणि दोर नेहमी नाळेलाच. मागच्या बाजूला नांगर बांधला की होडीची सपाट, बुटकी बाजू लाटेकडे होते, इंजिनाचं वजनही तिथेच असतं. दोराने ती बाजू खाली धरून ठेवली की लाटेचं पाणी सरळ आत येतं. होडी आडवी धरली जाईल असा बाजूलाही बांधू नका.

८. धरला की नाही?

किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत बघून ठेवा. पुढे झाड, मागे देवळाचं शिखर. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा बघा. खुणा एकमेकींपासून सरकत एकाच दिशेला चालल्या तर नांगर घसरतोय. इकडे-तिकडे होऊन परत जुळत असतील तर होडी फक्त फिरतेय.

दुसरी परीक्षा हाताची. दोरावर तळहात ठेवा. ताण हळूहळू येतो-जातो तर ठीक. थरथर किंवा टकटक लागली तर नांगर तळावरून खरडत चाललाय. आधी आणखी दोर सोडा. तरी धरत नसेल तर उचला, फाळाला लागलेला पाला-चिंध्या काढा आणि दुसऱ्या जागी टाका.

तळाचाही फरक पडतो. विहिरीतल्या गळासारखा चार आकड्यांचा नांगर दगडात अडकून धरतो, पण मऊ गाळातून सरकत जातो. गाळ आणि वाळूला रुंद फाळाचा नांगर हवा. तुमच्या पाण्याचा तळ कसा आहे ते तिथल्या मासेमारांना विचारूनच खरेदी करा.

९. काढताना

कमरेच्या जोरावर होडी ओढू नका. वल्हवत नांगराच्या दिशेने या आणि सैल पडणारा दोर आत घेत चला. होडी नांगराच्या बरोबर वर आली, दोर उभा झाला, की तो एका ओढीत सुटतो. सूत्राचा दुसरा अर्धा भाग हाच.

कधी सुटतच नाही. धरणाच्या पाण्याखाली जुनी गावं आहेत, भिंती, विहिरी, झाडांची खोडं आहेत. उजनीत बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की दिसतं, पण बाकीच्या भिंती दिसत नाहीत. अशा जागी नांगराच्या खालच्या बाजूला, जिथे फाळ एकत्र येतात तिथे, वेगळी बारीक दोरी बांधा आणि तिचं टोक रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनला बांधून तरंगत ठेवा. नांगर अडकला की ही दोरी ओढायची, तो उलट्या बाजूने निघतो.

पाणी भरायला लागलं किंवा मोठी होडी अंगावर येत असेल, तर नांगराचा मोह धरू नका. होडीत धारदार कोयता हाताशी ठेवा आणि दोर कापा. नांगर परत घेता येतो.

१०. वारा ओळखा

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा होडीवरचा रेटा चौपट होतो. सकाळी झुळकीत मस्त धरलेला नांगर संध्याकाळच्या वळवाच्या वाऱ्यात वेगळ्याच परीक्षेला बसतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्या अपघाताचा नांगराशी संबंध जोडायचा नाही. त्यातून शिकायचं ते हे की, मे महिन्यातला वारा वेळ देत नाही. ढग काळे झाले, वारा एकदम पडला, की प्रवासी घेऊन निघायचं नाही. निघाला असाल तर जवळच्या काठाला लागा. होडीत बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच, बाकाखाली ठेवलेलं जॅकेट उपयोगाचं नाही. नांगर जॅकेटची जागा घेत नाही.

११. पिंजरे आणि तराफे

मत्स्यपालनाचे पिंजरे किंवा कालवं-शिनाण्यांचे तराफे महिनोन्‌महिने एकाच जागी असतात. त्यांनाही हेच नियम, फक्त वजन जास्त आणि कोपरे चार. तळाशी साखळी, वर दोर, पातळी चढेल त्याचा हिशेब धरून लांबी. होडीचा नांगर आपण रोज बघतो, पिंजऱ्याचा बघत नाही, म्हणून तिथे दर पंधरा दिवसांनी दोर आणि जोड तपासायची तारीख ठरवून टाका. साखळीच्या कड्या एकमेकींवर जिथे घासतात तिथे आधी झिजतात. कडी मूळ जाडीच्या तीन चतुर्थांशापेक्षा बारीक झाली की तो तुकडा बदला.

१२. गटाची नांगर-वही

हप्त्याची वही आपण चोख ठेवतो, तशीच ही ठेवायची. दर महिन्याच्या बैठकीआधी दोघींनी मिळून बघायचं आणि सही करायची :

• शॅकलची तार जागेवर आहे का
• साखळीची सगळ्यात झिजलेली कडी कोणती
• दोर कुठे फुलला, कडक झाला, भुकटी येते का
• खुंट्याचे बोल्ट हलतात का
• चिंध्यांच्या खुणा शाबूत आहेत का
• कोयता आणि जॅकेट होडीत आहेत का

वापर झाल्यावर दोर आणि साखळी गोड्या पाण्याने धुवा, दोर सावलीत वाळवा. वर्षातून एकदा दोराची टोकं उलटी करा, म्हणजे घासणारी जागा बदलते. प्रकल्पाचा प्रस्ताव ग्रामसंघाकडे किंवा बँकेकडे देताना नांगर, साखळी, दोर, शॅकल, जॅकेट हे होडीच्या किमतीतच वेगवेगळ्या ओळींत लिहा. नंतर घेऊ म्हटलं की ते राहतं.

बैठकीत करून बघा

विहिरीतली बादली काढायचा गळ, पाच-सहा वाव दोरी आणि गुरांची साखळी आणा. भिजवलेल्या वाफ्यात गळ टाका.

पहिल्यांदा दोरी आखूड धरून, उभं राहून ओढा. गळ उचलून येईल.

दुसऱ्यांदा दोरी लांब सोडून, खाली बसून ओढा. गळ मातीत शिरेल.

तिसऱ्यांदा गळ आणि दोरी यांच्या मध्ये साखळी जोडा आणि उभ्याने ओढा. साखळी जमिनीवरून उठेपर्यंत गळ हलतो का बघा.

मग आपसात बोला :

१. आपल्या पाण्याची सगळ्यात जास्त खोली किती वाव? पावसाळ्यात किती होते?
२. सातपटीने आपल्याला किती दोर लागतो? आपल्याकडे किती आहे?
३. आपला दोर बादलीत बुडतो की तरंगतो?
४. भर पाण्यात इंजिन बंद पडलं, तर नांगर किती वेळात पाण्यात जाईल? घड्याळ लावून बघा. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लागला, तर तो चुकीच्या जागी ठेवलाय.

चारही उत्तरं नांगर-वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि पावसाळा सुरू होण्याआधी पुन्हा एकदा तपासा.